ओढ्याच्या अलीकडचा गोलकीपर

“दोन शब्द बोलायचेत, कॅनिस. उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘पोराला जाऊ द्या.’ त्याला काय वकिली शिकावी लागते?”

“तीन झाले.”

“काय तीन?”

“शब्द. पोराला, जाऊ, द्या.”

डिम्पनाने अर्धवट सोललेला बटाटा पाण्याच्या भांड्यात टाकला. पाणी उडालं ते नेमकं कॅनिसने चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेसाठी घातलेल्या शर्टावर. त्याने पुसलं नाही. पुसलं असतं तर भांडण शर्टाकडे वळलं असतं आणि आज ते वळणार नाही, हे त्याला तिच्या पाठीकडे बघूनच कळत होतं.

“तुला वाटतं तितकं सोपं नाही ते,” तो म्हणाला. “आपला फियाक्रा गेला की पंधरांच्या संघात आम्ही चौदा उरतो. चौदा जणांवर एखादा सामना ओढता येतो, अख्खा मोसम नाही. एकाचा घोटा मुरगळला, एकाच्या गाईला वासरू व्हायचं असलं, की बाराच उभे. मग जिल्हा मंडळ म्हणणार, बाबांनो, शेजाऱ्यांत मिळून जा. आणि शेजारी कोण?”

“माझं माहेर.”

“मी माहेर म्हटलं नाही.”

“टोबरमॉय म्हणायच्या आधीच तुझं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालंय. लग्नाला सत्तावीस वर्षं होतील. त्या गावची मुलगी चालली, त्या गावचा संघ नाही चालत.”

“तू गोलात चेंडू मारायला आली नव्हतीस.”

“आले असते तर बरं झालं असतं,” डिम्पना म्हणाली. “तेव्हाच हरला असतास आणि सुटला असतास.”

कॅनिस डेलहंटी कुलबॉनचा गोलकीपर होता. वय एकोणपन्नास. या वयात कुलबॉनची इतर माणसं मैदानाच्या कडेला उभी राहून पंचाच्या नावाने बोटं मोडतात, थर्मासमधला चहा पितात आणि आपल्या काळात हर्लिंग, आयर्लंडचा हा काठीचेंडूचा खेळ, कसा होता ते सांगतात. कॅनिसच्या वाट्याला तो कडेचा चहा कधी आलाच नाही. आठवडाभर तो दुधाचा टँकर चालवायचा, गोठ्यागोठ्यातून दूध भरून डेअरीत रिकामं करायचा, आणि रविवारी हेल्मेट चढवून, अ‍ॅशच्या लाकडाची रुंद तोंडाची काठी, हर्ली, हातात घेऊन, दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभा राहायचा. मागे जाळी, पुढे पंचविशीतली पोरं आणि त्यांच्या काठीवरून सुटलेला, दगडासारखा टणक, लहानसा चेंडू. दर हिवाळ्यात तो म्हणायचा, यंदा शेवटचं. दर वसंतात कोणीतरी कॅनडाला किंवा पर्थला निघून जायचं आणि कॅनिस पुन्हा जाळीपुढे.

तो वाईट गोलकीपर नव्हता, हीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर कधीच सुटला असता.

कुलबॉनच्या क्लबाची सगळी गोष्ट क्लबाच्या खोलीतल्या एका भिंतीवर मावते. जुन्या डेअरीच्या दगडांनी गावकऱ्यांनीच बांधलेली ती खोली. भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो अठ्ठावन्न सालचा: पंधरा माणसं, मधल्याच्या मांडीवर जिल्ह्याचा चषक. तो चषक कुलबॉनात जेमतेम तीन आठवडे राहिला. मग टोबरमॉयने हरकत घेतली. कुलबॉनचा सगळ्यात जबर आघाडीवीर, पॅट बर्गिन नावाचा, ज्या घरात राहायचा ते घर ओढ्यावर बांधलेलं होतं आणि तो ओढा म्हणजे दोन पॅरिशांची, दोन चर्चच्या गावांची, हद्द. खेळाडूने आपल्या पॅरिशकडूनच खेळायचं, हा नियम. मंडळाची माणसं घर बघायला आली. पॅटच्या आईने त्यांना चहा दिला, केक दिला, चूल दाखवली, दार दाखवलं. चूल कुलबॉनात, दार कुलबॉनात. मग टोबरमॉयच्या एका म्हाताऱ्याने दोरी काढली आणि पॅटची खाट मोजली. उशी टोबरमॉयात निघाली.

माणूस जिथे झोपतो तिथला, असा निकाल झाला. चषक ओढा ओलांडून गेला. कुलबॉनात आजही हद्दीवरच्या घरांत खाटा ओढ्यापासून लांब, पूर्वेच्या भिंतीला टेकवून ठेवतात. पाहुण्यांना वाटतं, सकाळचं ऊन यावं म्हणून.

दोरी काढणारा तो म्हातारा डिम्पनाचा आजोबा. लग्नाच्या जेवणात कॅनिसच्या चुलत्याने वधूला भेट म्हणून दोरीचं वेटोळं दिलं होतं. सगळे हसले. डिम्पनाही हसली, आणि त्याच दोरीवर तिने पुढे कैक वर्षं संघाच्या जर्सी वाळत घातल्या.

त्या हरकतीनंतर कुलबॉनात एक रीत पडली. कुठल्या नियमात नाही, कुणी लिहिलेली नाही, पण मोडलेलीही नाही. कुलबॉनच्या पोराला दुसऱ्या गावची जर्सी घालायची असेल तर त्याच्या बापाने क्लबाच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, पोराला जाऊ द्या. बाप उभा राहिला की कोणी आडवं येत नाही, अध्यक्ष मंडळाला होकार कळवतो. बाप बसून राहिला की विषय संपला. नाही म्हणावं लागत नाही. नुसतं बसून राहायचं.

कॅनिसचा बाप बसून राहिला होता.

तेव्हा कॅनिस एकोणीस वर्षांचा होता. डब्लिनला टपालखात्यात लागला होता, पत्रं लावायच्या कामावर. खाली चिप्सचं दुकान, वर त्याची खोली. अंगाला व्हिनेगरचा वास यायचा तरी ती खोली त्याला राजवाड्यासारखी वाटायची. तिथल्या एका मोठ्या क्लबाने त्याला सराव करताना पाहिलं आणि विचारलं, येतोस का आमच्याकडे. असा गोलकीपर त्यांना हवाच होता. कॅनिसने घरी कळवलं. सभा झाली. बाप, फिल डेलहंटी, टोपी मांडीवर ठेवून खोलीतल्या शेगडीकडे बघत बसला. अध्यक्षाने दोनदा नाव घेतलं. फिलने टोपी सरळ केली, बस्स.

मग कॅनिस दर शुक्रवारी बसने घरी यायचा, रविवारी खेळायचा, परत जायचा. शनिवारी डब्लिनात नाच असायचे, सिनेमे असायचे, सोबतची पोरं पोरी फिरवायची. कॅनिस कुलबॉनच्या चिखलात उड्या मारायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने नोकरी सोडली. का सोडलीस, असं कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना आनंदच झाला होता.

एकदा, पुष्कळ वर्षांनी, वाळत घातलेलं गवत उलटंपालटं करताना त्याने बापाला विचारलं होतं. फिल म्हणाला, “गोलात कोण उभं राहिलं असतं?” आणि पुढच्या ओळीकडे वळला.

बाहेर हॉर्न वाजला. फियाक्रा आला होता. तेवीस वर्षांचा पोरगा, वायरमन, जिल्ह्यात त्याच्यासारखा मधल्या फळीत धावणारा नव्हता. हिवाळ्यात तो मैत्रिणीबरोबर, नेसाबरोबर राहायला गेला, ओढ्यापलीकडे, टोबरमॉयात. खाट, उशी, सगळंच पलीकडे. मंडळाच्या दृष्टीने आता टोबरमॉयकडून खेळायला त्याला काही अडचण नव्हती, फक्त कुलबॉनने सोडायला हवं होतं. टोबरमॉय पहिल्या दर्जात खेळतं. कुलबॉन कुठल्या दर्जात खेळतं हे कुलबॉनची माणसं परक्याला सांगत नाहीत.

गाडी निघाली, वायपर सुरू झाले.

“डॅडी,” फियाक्रा म्हणाला, “आज सभेत म्हणाल ना?”

“बघू.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू.”

“मी दहा वर्षांचा असताना कुत्रा हवाय म्हटलं होतं, तेव्हा हेच म्हणाला होतात.”

“मग आणला की कुत्रा.”

“शेजाऱ्यांनी आणला. आपण बघत होतो.”

कॅनिसला हसू आलं. फियाक्राही हसला, आणि त्या हसण्यात त्याने गाडी चर्चच्या भिंतीला लावली. “मला जिंकायला आवडेल एकदा,” तो इंजिन बंद करत म्हणाला. “चषक वगैरे नाही. नुसतं, दर रविवारी हरायची तयारी करून निघायला नको. तुम्हाला कधी वाटलं नाही?”

मिस्सेत फादर काय बोलले ते कॅनिसला ठाऊक नाही. तो गुडघे टेकून ते तीन शब्द मनात जुळवत होता. बसता उठता, इतरांबरोबर उत्तरं देता देता त्याने ते दहा वेळा म्हणून पाहिले. सोपे होते. जीभ अडखळत नव्हती. मिस्सा संपली तेव्हा त्याचं ठरलं होतं, आणि ठरल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की बाहेर पडताना त्याने उगाचच दोन म्हाताऱ्या बायकांसाठी दार धरून ठेवलं.

क्लबाच्या खोलीत ओल्या कोटांचा वास होता. अध्यक्ष मॉसी फेलन टेबलामागे उभा होता. मॉसीचा गावात एक पब होता आणि पबच्या मागच्या बाजूला शवपेट्यांचं काम. सुखात नाहीतर दुःखात, माणूस मॉसीच्या दारात यायचाच. आवाज मऊ, हात गरम, आणि कोणाच्या खांद्यावर केव्हा हात ठेवायचा हे त्याला बरोबर कळायचं.

“बसा, बसा. कॅनिस, तू पुढे ये रे. मागे काय बसतोस पाहुण्यासारखा.”

कॅनिस पुढे बसला. फियाक्रा मागे, दाराजवळ उभा राहिला.

“कामाच्या गोष्टींच्या आधी एक सांगतो,” मॉसी म्हणाला. “कमिटीने ठरवलंय. चर्चकडच्या बाजूचा गोल. आजपासून त्याला डेलहंटी गोल म्हणायचं. पाटी करायला टाकली आहे.”

टाळ्या पडल्या. कॅनिसचे कान तापले.

“जिवंत माणसाचं नाव देतात होय?” मागून कोणीतरी म्हणालं.

“मॉसीने माप घेऊन ठेवलं असेल,” दुसरा म्हणाला.

“घेतलंय,” मॉसी शांतपणे म्हणाला. “पण घाई नाही. अजून दहा मोसम तरी आहेत या माणसात. फिल असता तर आज त्याची छाती केवढी झाली असती. बापलेक दोघं मिळून या जाळीपुढे किती वर्षं उभे राहिले, विचार करा. दोघांनीही क्लबाकडे कधी पाठ केली नाही.”

पुन्हा टाळ्या. कॅनिसने हात वर करून नको नको केलं. खुर्ची अचानक अरुंद वाटायला लागली. त्याने मागे वळून बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. पोराची नजर मानेवर जाणवत होती.

मग मॉसीने जाळ्यांचं सांगितलं, कपडे बदलायच्या खोलीतल्या गळतीचं सांगितलं, शेवटी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“आता एक बारीकसा विषय. आपल्या फियाक्राला ओढ्यापलीकडे खेळायची इच्छा आहे. पोरगा गुणी आहे, कोणी त्याला अडवत नाही. अडवणारे आम्ही कोण?” त्याने चष्मा चढवला. “तो गेला तर काय होईल ते मी सांगत नाही. तुम्हाला मोजता येतं. पुढच्या वर्षी या खोलीला कुलूप असेल नाहीतर भिंतीवर टोबरमॉयचे फोटो असतील. पण ते राहू दे. ही आपल्याकडे घरची गोष्ट असते. कॅनिस?”

पाठीमागच्या खुर्च्यांची कुरकुर थांबली. बाजूला डेमियन बसला होता, चष्मा लावून खेळणारा प्राथमिक शाळेतला मास्तर. त्याच्या पलीकडे मशरूमच्या शेडमध्ये काम करणारा पोलंडचा तोमाश. तिशीत हर्ली हातात धरली, आता बायकोला सांगतो की मरेन तर कुलबॉनच्या जर्सीत. कोणी कॅनिसकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, आणि त्या न बघण्याचं वजन थेट त्याच्या मांड्यांवर येऊन बसलं होतं.

कॅनिसने दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर टेकवले आणि उठला.

म्हणजे अर्धा उठला. डावा गुडघा अर्ध्यावर अडला, तसा तो थंडीच्या दिवसांत अडायचा, गाडीच्या जुन्या दारासारखा. कॅनिस वाकलेला, ना उभा ना बसलेला. तोंड उघडं. शब्द तिथेच होते, जिभेच्या टोकावर.

“अरे सांभाळ, सांभाळ,” मॉसी टेबलाला वळसा घालून आलाच. “गुडघा?”

“गुडघा,” डेमियन म्हणाला.

“बस रे बाबा. तुझ्या गुडघ्यावर क्लब चाललाय आमचा. बस.” मॉसीचा गरम हात एका खांद्यावर, डेमियनचा दुसऱ्या. दोघांनी दाबलं नाही. नुसते ठेवले. ते झटकून उठता आलं असतं. कॅनिसला ते नंतरही नीट आठवत होतं की उठता आलं असतं. त्यांच्या हातांत जोर नव्हता.

तो बसला.

बसल्यावर जे वाटलं त्याची त्याला लाज वाटली, कारण ते बरं वाटणं होतं. चेंडू खांबाला आपटून बाहेर गेल्यावर वाटतं तसं.

मॉसीने क्षणभर वाट पाहिली. वाट पाहिली हे सगळ्यांना दिसेल इतपत. “बरं,” तो म्हणाला. “पुढचा विषय, मैदानाचं गवत.”

मागे दार उघडल्याचा गार वारा आला आणि थांबला.

नंतर एकेक जण आला. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी हात दाबला. विषयाबद्दल अवाक्षर नाही. तोमाश म्हणाला, “गुडघ्याला कोबीचं पान बांधा. आमच्याकडे बांधतात.” मॉसीने पबमध्ये बोलावलं. कॅनिस नको म्हणाला आणि घरी चालत निघाला. गाडी पोराची होती, आणि ती केव्हाच गेली होती.

ती त्याच्याच अंगणात उभी होती. रविवारचं जेवण आईकडे, हा नेम फियाक्राने पलीकडे गेल्यावरही मोडला नव्हता. आत डिम्पनाने मांस कापून ठेवलं होतं, कोबी, बटाटे, ग्रेव्ही. फियाक्रा जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

“गुडघा अडला,” कॅनिस कोट काढता काढता म्हणाला.

डिम्पनाने ग्रेव्ही ढवळली.

“उठत होतो. डेमियनला विचार. अर्धा उठलो होतो.”

“पाहिलं मी,” फियाक्रा म्हणाला. “तोंड नव्हतं ना अडलं? बसल्या बसल्या म्हणायचं होतं.”

“बसून म्हटलेलं धरत नाहीत.”

डिम्पनाने ग्रेव्हीचा चमचा भांड्यात सोडला. “ऐकलंस, कॅनिस? तुझं तू ऐकलंस, आत्ता काय म्हणालास ते?”

“रीत आहे ती. मी नाही केली.”

“नाही, तू नाही केलीस. माझ्या आजोबाने दोरी लावली, तुझ्या बापाने टोपी धरली, मॉसीने हात ठेवला. तू बिचारा नेहमी तिथे नुसता असतोस.”

कॅनिस खुर्ची ओढून बसला. ताट पुढे आलं. त्याने बटाटा फोडला, लोणी लावलं, लोणी वितळेपर्यंत बघत राहिला.

“फिल आजोबांचा पण गुडघाच होता का?” फियाक्राने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. असता तर कॅनिसला उत्तर सुचलं असतं.

“तुझे आजोबा वेगळे होते.”

“काय वेगळे?”

“ते उठायला निघालेच नव्हते.”

“आणि तुम्हाला त्यांचा राग आला?”

कॅनिसने घास चावून गिळला. खिडकीतून मैदानाच्या टोकाचे खांब दिसत होते, पावसात पांढरे. हे घर बांधताना त्यानेच खिडकी तिथे घेतली होती.

“पहिल्या वर्षी,” तो म्हणाला. “मग मोसम सुरू झाला. मग दुसरा. रविवार येतोच, तुला काय वाटतं याची तो वाट बघत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा डब्लिनला लग्नाला गेलो होतो. ते चिप्सचं दुकान होतं तसंच होतं. वर खोलीत दुसरा कोणीतरी राहत होता, खिडकीत त्याचा शर्ट वाळत होता. मी रस्त्यात उभा राहून बघितलं आणि मला काहीच वाटलं नाही. सवय झाली होती.” त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला. “तुलाही होईल.”

डिम्पना त्याच्याकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षांत ती पुष्कळदा चिडली होती, पण घाबरलेली त्याने तिला पाहिली नव्हती.

“कॅनिस,” ती हळू म्हणाली, “हे तू त्याला धीर द्यायला बोललास?”

“मग कशाला?”

फियाक्राने ताटातलं सगळं संपवलं. आईने वाढलेलं टाकायची त्याला सवय नव्हती. मग तो उठला, एका दमात, गुडघ्यांचा विचारही न करता. ताट धुवायच्या जागी नेऊन ठेवलं. दाराशी कोपऱ्यात त्याच्या हर्ल्या उभ्या होत्या, तीन, मुठीला टेप गुंडाळलेल्या. त्याने तिन्हींकडे बघितलं. सरावासाठी उचलेल की कायमच्या ठेवून जाईल ते कॅनिसला कळेना, आणि तो खुर्चीत पुढे सरकला, चेंडू कुठून येतोय ते बघावं तसा.

“मंगळवारी सराव आहे,” कॅनिस म्हणाला. “साडेसातला. चिखल असेल, मोठ्या खिळ्यांचे बूट आण.”

फियाक्राने जाकीट चढवलं. चेन वर ओढताना ती मध्ये अडकली, त्याने सोडवली, पुन्हा ओढली.

“तोमाशला मधल्या फळीतलं शिकवायचंय थोडं. तू असलास तर तो शिकेल. माझं तो ऐकत नाही.”

फियाक्राने आईच्या डोक्यावर ओठ टेकवले. तिने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं.

“येशील ना?” कॅनिस म्हणाला. “फियाक्रा? मंगळवारी येशील ना तू?”

फियाक्राने दार उघडलं आणि तो बाहेर पडला. हर्ल्या कोपऱ्यात तशाच होत्या.